ट्रेलरची बॅटरी उभ्या-उभ्या का मरते? या चुका टाळा

प्रवासी ट्रेलरची बॅटरी रस्त्यावर क्वचितच मरते. ती मरते ट्रेलर महिनोन्‌महिने ताडपत्रीखाली उभा असताना. मग सहलीच्या पहिल्याच संध्याकाळी दिवे मिणमिणायला लागतात, पाण्याचा पंप कण्हत कण्हत बंद पडतो आणि आपण बॅटरी बनवणाऱ्याला शिव्या घालतो. खरं तर घाव कधीच बसलेला असतो, आपल्याला फक्त आज कळतं.

‘मी सगळं बंद करून ठेवलं होतं’

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, आणि इतक्यांदा स्वतःही बोललोय, की सुरुवात इथूनच करू. दिवे बंद, पंप बंद, पंखा बंद, तरी ट्रेलर पूर्ण झोपलेला नसतो. गॅसगळतीचा अलार्म चोवीस तास जागा असतो. रेडिओ आपली मेमरी सांभाळत असतो. अँटेनाच्या बूस्टरचा इवलासा दिवा कपाटाच्या आत लुकलुकत असतो. सगळं मिळून अर्धा अँपिअर धरा. अर्धा गुणिले २४, म्हणजे रोजचे १२ एएच (अँपिअर-तास). १०० एएचची बॅटरी चार दिवसांत निम्म्यावर येते आणि नवव्या दिवशी रिकामी होते. आपण ट्रेलर उघडतो चार महिन्यांनी.

लेड-ॲसिड बॅटरी उतरते तेव्हा तिच्या प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. लगेच चार्ज केली तर ते परत विरघळतं. तसंच राहू दिलं तर त्याचे खडे कडक होत जातात, आणि मग कितीही चार्जर लावा, तेवढा भाग कामातून गेलेला असतो. म्हणून उतरलेली बॅटरी ‘पुढच्या सहलीआधी बघू’ म्हणून ठेवण्यासारखी गोष्टच नाही.

उपाय म्हणजे डिस्कनेक्ट स्विच, म्हणजे बॅटरीला ट्रेलरपासून तोडणारा स्विच. पण त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. अनेक ट्रेलरमध्ये काही वायरी स्विचला वळसा घालून थेट बॅटरीवर आलेल्या असतात. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर निगेटिव्ह केबलला लावून बघा. स्विच बंद केल्यावरही आकडा शून्यावर येत नसेल, तर निगेटिव्ह केबलच काढून ठेवा.

मात्र ट्रेलर गाडीला जोडण्यापूर्वी ती केबल परत लावलीच पाहिजे. इथे विसरून चालत नाही. इलेक्ट्रिक ब्रेक असलेला ट्रेलर धावताना सुटला, तर गाडीला बांधलेल्या तारेने ओढली जाणारी पिन त्याचे ब्रेक लावते, आणि त्या ब्रेकना वीज मिळते ट्रेलरच्याच बॅटरीतून. बॅटरी तोडलेली किंवा मेलेली असेल तर सुटलेला ट्रेलर थांबवायला काहीच उरत नाही.

भिंतीवरच्या चार दिव्यांवर भरवसा

दाराजवळच्या पॅनेलवर बॅटरी किती भरलीय ते दाखवणारे चार दिवे असतात. बटण दाबलं की चारही लागतात. छान! पण बाहेर वीज जोडलेली असेल, तर ते दिवे चार्जरचा व्होल्टेज दाखवत असतात, बॅटरीचा नाही. मेलेल्या बॅटरीवरही ते चारच्या चार लागतात.

खरा आकडा हवा असेल तर चार्जर बंद करा, सगळा लोड काढा, बॅटरीला काही तास शांत राहू द्या आणि मग मल्टिमीटर लावा. नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीवर वरवरचा फुगवटा असतो, तो ओसरायला एवढा वेळ लागतोच. लेड-ॲसिडला १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.१च्या आसपास म्हणजे निम्मी. निम्म्याच्या खाली रोज जाऊ देऊ नका. ११.९ दिसलं तर आजच चार्जिंगला लावा.

चार्जर लावला आणि विसरलो

ही बॅटरी उतरलेली ठेवण्याच्या चुकीची उलटी बाजू. जुन्या ट्रेलरमधला कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेतून १२ व्होल्ट बनवून बॅटरी चार्ज करणारा डबा) एकच व्होल्टेज देतो, साधारण १३.६. बॅटरी पूर्ण भरायला तो कमी पडतो आणि महिनोन्‌महिने चालू ठेवायला जास्त होतो. हळूहळू पाणी उडून जातं, प्लेटा उघड्या पडतात. टप्प्याटप्प्याने चालणारा चार्जर आधी १४.४च्या आसपास जाऊन बॅटरी भरतो, मग तरंगत्या (फ्लोट) पातळीवर, म्हणजे भरलेली टिकवण्यापुरत्या व्होल्टेजवर उतरतो. एजीएम (काचतंतूंच्या चटईत आम्ल शोषून ठेवलेली), जेल आणि साधी पाण्याची बॅटरी यांच्या सेटिंग वेगवेगळ्या असतात. चार्जरवरचा स्विच चुकीच्या खुणेवर राहिला, तर चांगला चार्जरही बॅटरी मारतो. आणि पाण्याच्या बॅटरीसाठी असलेलं, १५ व्होल्टच्या वर जाणारं इक्वलायझेशन (सगळे सेल सारखे करण्यासाठी मुद्दाम केलेलं जादा चार्जिंग) बंद डब्याच्या बॅटरीवर चालवू नका. तिच्यातून गेलेलं पाणी परत घालता येत नाही.

पाणी आधी की चार्जिंग आधी

चार्जिंग आधी. चार्ज होताना आत बुडबुडे उठतात, द्रव गरम होऊन फुगतो आणि पातळी वर येते. आधीच गळ्यापर्यंत भरलं असेल तर आम्ल टोपणातून बाहेर येतं, ट्रे खातं, लोखंडी चौकट खातं. तुम्ही म्हणाल, पाणीच तर सांडलं! सांडतं ते आम्ल, आणि तेवढं आम्ल कायमचं कमी होतं.

अपवाद एकच. टोपण उघडल्यावर प्लेटा उघड्या दिसल्या, तर आधी त्या जेमतेम बुडतील एवढंच पाणी घाला, मग चार्ज करा आणि मग पूर्ण पातळी करा. पातळी म्हणजे भोकाच्या आतल्या नळीच्या खालच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर खाली. टॉर्चच्या उजेडात द्रव नळीच्या कडेला चिकटून डोळ्यासारखा गोल दिसायला लागला, की जास्त झालं.

पाणी डिस्टिल्डच. उकळून गार केलेलं, गाळलेलं, बाटलीतलं मिनरल वॉटर हे काहीही नाही. आणि वरून ॲसिड तर कधीच घालायचं नाही. पाणी उडतं, आम्ल आतच राहतं.

वायूला कमी लेखणं

चार्जिंगच्या शेवटी बॅटरीतून हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघतात. हायड्रोजनला ना रंग ना वास, आणि हवेत त्याचं प्रमाण ४ टक्के झालं की एक ठिणगी पुरते. हलका असल्यामुळे तो बॅटरीच्या पेटीच्या छताशी गोळा होतो. म्हणून पेटीला वरच्या बाजूला झरोका हवाच. थंडी, धूळ किंवा उंदीर नकोत म्हणून तो बोळा घालून बंद करणारे लोक मी पाहिलेत.

क्रम असा ठेवा: आधी चार्जर मुळापासून बंद, मग पेटीचं झाकण उघडायचं, थोडा वेळ वारा लागू द्यायचा, आणि त्यानंतरच टर्मिनलला हात. चालू चार्जरचा चिमटा ओढला की ठिणगी नेमकी वायूच्या तोंडाशीच पडते.

सडक्या अंड्यासारखा वास आला तर समजा, बॅटरी प्रमाणाबाहेर शिजतेय आणि हायड्रोजन सल्फाइड निघतोय. तो विषारी आहे. असंही होतं की कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजतो आणि शोधाअंती दोषी निघते उकळणारी बॅटरी, कारण हायड्रोजनही त्या सेन्सरला फसवतो. पण हा शोध ट्रेलरच्या बाहेर येऊन, माणसं आणि कुत्री मोजून झाल्यावर लावायचा. ‘बॅटरीच असेल’ म्हणून अलार्म बंद करून झोपू नका.

पाना, अंगठी आणि काळी वायर

काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. कारण साधं आहे. निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हचा नट सोडवायला घेतला आणि पान्याची दुसरी बाजू ट्रेलरच्या चौकटीला टेकली, की सरळ शॉर्ट. पाना नटाला चिकटून वेल्ड होतो आणि लाल होईपर्यंत तापतो. निगेटिव्ह आधी काढली असेल तर तोच पाना चौकटीला लागला तरी काही होत नाही. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळून ठेवा. अंगठी, घड्याळ, साखळी खिशात. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे. आम्ल उडालंच तर भरपूर वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटं धुवा, डोळ्यात गेलं तर धुऊन थेट डॉक्टर. डोळ्यात सोडा घालू नका, सोडा टर्मिनलसाठी.

आता काळी वायर. गाडीच्या बॅटरीमुळे आपल्या डोक्यात ‘काळी म्हणजे निगेटिव्ह’ हे घट्ट बसलेलं असतं. अमेरिकी बनावटीच्या अनेक ट्रेलरमध्ये मात्र १२ व्होल्टची पांढरी वायर निगेटिव्ह असते आणि काळी पॉझिटिव्ह! मी पहिली बॅटरी बदलली तेव्हा आत्मविश्वासाने काळी वायर निगेटिव्हला लावली. चटकन निळी ठिणगी उडाली, टकटक आवाज झाला आणि आत शांतता. नशिबाने कन्व्हर्टरवरचे उलट जोडणीचे दोन फ्यूज तेवढे गेले. हे फ्यूज उडाले की कन्व्हर्टरची वीज बॅटरीपर्यंत पोचत नाही, आणि बिचारा कन्व्हर्टरच गेला समजून लोक नवा आणतात. आधी फ्यूज बघा. त्याहून आधी, जुनी बॅटरी काढण्यापूर्वी मोबाइलवर एक फोटो काढा आणि पॉझिटिव्ह वायरला लाल टेप लावा.

पॉझिटिव्ह केबलवर बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज किंवा ब्रेकर हवा. फ्यूज बॅटरी वाचवायला नसतो, वायर पेटू नये म्हणून असतो. वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज बसवणं म्हणजे दुखणं भिंतीच्या आत ढकलणं.

‘गाडी चालली की भरेलच’

गाडीच्या प्लगमधून ट्रेलरकडे जाणारी चार्जिंगची वायर लांब आणि बारीक असते. तिच्यात व्होल्टेज पडतो आणि टोकाला पोचतात मोजके अँपिअर. त्यात फ्रिज १२ व्होल्टवर ठेवला असेल तर दहा-पंधरा अँपिअर तोच ओढतो. दिवसभर गाडी चालवून संध्याकाळी बॅटरी सकाळपेक्षा रिकामी मिळते ती अशी. प्रवासात खरंच भरायची असेल तर जाड केबल आणि डीसी-डीसी चार्जर (गाडीकडून आलेला पडका व्होल्टेज वाढवून बॅटरी भरणारा) लागतो.

सोलर असेल तर एवढंच लक्षात ठेवा: कंट्रोलरला (पॅनेल आणि बॅटरीच्या मधल्या चार्जिंगच्या डब्याला) आधी बॅटरी जोडायची, मग पॅनेल. काढताना उलट.

जुनी आणि नवी एकत्र

दोनपैकी एक बॅटरी गेली म्हणून एकच बदलली, तर जुनी नवीला आपल्या पातळीवर ओढून आणते. बदलायच्या तर दोन्ही, एकाच प्रकारच्या आणि वयाच्या. समांतर जोडणीत पॉझिटिव्ह एका बॅटरीवरून आणि निगेटिव्ह दुसरीवरून घ्या, म्हणजे भार सारखा वाटला जातो.

(सिमेंटच्या फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते, हा समज जुन्या डब्यांच्या काळातला. आजच्या प्लॅस्टिक डब्याला फरशी काही करत नाही.)

लिथियमला जुने नियम लावणं

लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी शांत असताना १३.३ दाखवते, आणि बरीच रिकामी झाली तरी आकडा फारसा हलत नाही. व्होल्टेजवरून अंदाज बांधाल तर फसाल. आत-बाहेर जाणारे अँपिअर मोजणारा शंट मॉनिटर लावा. शून्य अंशाखाली ती चार्ज करू नका. आत लिथियम धातूचा थर बसतो आणि नुकसान कायमचं राहतं. वापरायला हरकत नाही, भरायला आहे. दीर्घकाळ ठेवायची तर निम्मी भरलेली ठेवा. लेड-ॲसिड मात्र पूर्ण भरलेलीच ठेवायची. एकाच घरात दोन सुना आणि दोघींची पथ्यं उलटी, असा हा प्रकार आहे.

अचानक सगळं बंद पडून मीटरवर शून्याजवळचा आकडा दिसला, तर ती मेली असं नाही. आतल्या बीएमएसने (बॅटरीची राखण करणाऱ्या सर्किटने) स्वतःला तोडून घेतलेलं असू शकतं. लोड काढा, लिथियमसाठी बनलेला चार्जर लावा, बहुधा जागी होते.

बिघाड शोधताना

लेड-ॲसिड बॅटरीवर मीटर १२.६ दाखवतो, पण पंप लावला की दिवे मंदावतात? आधी जोडण्या बघा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवट भुकटी वाटेतच व्होल्टेज खाते. टोपणं घट्ट बंद करून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, तारेच्या ब्रशने धातू चकचकीत करा, आवळा. चौकटीला जोडलेल्या निगेटिव्हच्या बोल्टखाली गंज आहे का तेही बघा. तिथे बहुतेक कोणी बघतच नाही.

रात्रभर चार्ज करूनही आकडा १०.५च्या आसपास अडकलाय? सहापैकी एक सेल शॉर्ट झालेला आहे, कारण एका सेलचे साधारण २.१ व्होल्ट कमी पडतायत. हायड्रोमीटरने (आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीने) खात्री होते: बाकीचे पाच सेल १.२६५ आणि एकच १.१५०, असं दिसेल. ०.०५०पेक्षा जास्त फरक असेल तर बॅटरी बदलायची वेळ आली. अशा बॅटरीवर चार्जर अखंड लावून ठेवू नका. तो व्होल्टेज गाठू पाहतो, तो गाठला जात नाही, आणि उरलेले सेल उकळत राहतात.

डबा फुगला असेल, हात लावून भाजत असेल, तर चिमट्याला हात न लावता चार्जरची वीज लांबूनच बंद करा आणि थंड होऊ द्या. कडाक्याच्या थंडीत फुगलेली बॅटरी गोठलेलीही असू शकते. भरलेलीतलं आम्ल उणे ५० अंशांनाही गोठत नाही, पण पूर्ण उतरलेली उणे १०च्या आसपास गोठते. गोठलेली बॅटरी चार्जला लावली तर फुटू शकते. ती उबेला आणा, पूर्ण वितळू द्या, आणि डब्याला तडा दिसला तर चार्जर शोधायचे कष्टही घेऊ नका.