पॅकेजमधून टाकलेल्या पोस्टग्रेसला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दिसत नाहीये? या चुका टाळा

पोस्टग्रेस डेटाबेसमधून ओरॅकलचा डेटा वाचणारं ओरॅकल एफडीडब्ल्यू हे एक्स्टेन्शन टाकलं, ओरॅकलच्या कनेक्शनची फाइल कुठल्या डिरेक्टरीत आहे ते सांगणारं टीएनएस अ‍ॅडमिन हे व्हेरिएबल पोस्टग्रेस युजरच्या बॅश प्रोफाइलमध्ये एक्स्पोर्ट केलं, त्या युजरने लॉगिन करून इको केलं तर व्हॅल्यू बरोब्बर येते, आणि तरी क्वेरी मारली की ओआरए-१२१५४, म्हणजे कनेक्शनचं नाव सापडलं नाही असा एरर. मग लोक एक्स्टेन्शन परत कंपाइल करत बसतात, अख्खा दिवस जातो आणि हाती काहीच लागत नाही. अहो, सर्व्हर तुमच्या शेलमधून सुरूच झालेला नाही, तो सिस्टमडीने, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामने सुरू केलाय, आणि सिस्टमडी कुणाचं बॅश प्रोफाइल वाचत नाही. इटीसीमधली एन्व्हायर्नमेंट फाइलसुद्धा लॉगिन सेशनसाठी असते, सर्व्हिसला तिचा उपयोग नाही.

डेबियन आणि उबुंटूवर अजून एक गंमत आहे जी माहीत नसली की माणूस हमखास अडकतो. तिथली नुसती पोस्टग्रेस्क्यूएल नावाची सर्व्हिस खरं तर पोकळ आहे, ती स्वतः डेटाबेस चालवतच नाही, खरा सर्व्हर प्रत्येक क्लस्टरच्या (म्हणजे एका सर्व्हरखालच्या डेटाबेसच्या संचाच्या) वेगळ्या युनिटमधून, म्हणजे सिस्टमडीच्या सर्व्हिसमधून चालतो, म्हणजे व्हर्जन १५ असेल तर '१५-मेन' वालं. त्यामुळे पोकळ युनिटमध्ये ओव्हरराइड (मूळ सेटिंगवर चढणारं आपलं सेटिंग) लिहून कितीही रीस्टार्ट मारा, काही होणार नाही. पॅकेजने यासाठी जागा आधीच करून ठेवलीये: इटीसीमधल्या पोस्टग्रेस्क्यूएल डिरेक्टरीत व्हर्जन, त्याच्या आत मेन, आणि तिथे एन्व्हायर्नमेंट नावाची फाइल. व्हेरिएबल तिथेच टाका. पण ती शेल स्क्रिप्ट नाहीये हं, एक्स्पोर्ट लिहायचं नाही, डॉलर लावून दुसरं व्हेरिएबल जोडायचं नाही, आणि पाथसारखी स्लॅश असलेली व्हॅल्यू सिंगल कोट्समध्येच द्यायची. व्हर्जन अपग्रेड केलं की पाथमधला आकडा बदलतो, तेव्हा नव्या क्लस्टरची फाइल उघडून बघाच.

रेड हॅट, रॉकी, अल्मावर पीजीडीजीचे (पोस्टग्रेस प्रकल्पाचे स्वतःचे) आरपीएम पॅकेज असतील तर प्रकार वेगळा. तिथे पीजीडेटा, म्हणजे डेटा डिरेक्टरीचा पाथ सांगणारं व्हेरिएबल, युनिट फाइलमध्येच सेट असतो, आणि यूएसआर-लिबमधली ती फाइल थेट एडिट केली तर पुढच्या अपडेटला तुमचा बदल पुसला जातो. सिस्टमसीटीएल एडिट वापरा, ओव्हरराइड इटीसीत राहतो आणि टिकतो. डेटा डिरेक्टरी दुसऱ्या डिस्कवर हलवत असाल तर एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणेचं लेबलही लावायला लागतं, नाहीतर पीजीडेटा बरोबर असूनही सर्व्हर उठत नाही आणि दोष व्हेरिएबलवर जातो. उलट डेबियनवर पीजीडेटा बदलून काहीच होत नाही, तिथे पोस्टग्रेस्क्यूएल डॉट कॉन्फ फाइलमधलं डेटा डिरेक्टरी सेटिंग चालतं. एकीकडचा उपाय दुसरीकडे डोळे झाकून चिकटवू नका.

आता तपासायचं कसं? इको करून नाही. डेटा डिरेक्टरीतल्या पोस्टमास्टर डॉट पीआयडी फाइलची पहिली ओळ म्हणजे मुख्य प्रोसेसचा नंबर, तो घेऊन प्रोक-मधली त्या प्रोसेसची एन्व्हायरॉन फाइल रूट म्हणून वाचा, जे आहे ते तिथे दिसतं. इथे एक सापळा आहे: कनेक्शनच्या बॅकएंड प्रोसेसचा (प्रत्येक कनेक्शनसाठी सुरू होणाऱ्या वेगळ्या प्रोसेसचा) नंबर घेऊ नका, कारण पीएस कमांडमध्ये स्टेटस दाखवायला पोस्टग्रेस एन्व्हायर्नमेंट ठेवलेलीच मेमरी वापरतो, त्यामुळे तिथे एन्व्हायरॉन रिकामं किंवा कचरा दिसतं आणि आपल्याला वाटतं व्हेरिएबल पोचलंच नाही. हे माहीत नसल्यामुळे बरोबर केलेलं काम लोक मोडून टाकतात.

रीलोडने भागत नाही, एन्व्हायर्नमेंट प्रोसेस सुरू होतानाच मिळतं, पूर्ण रीस्टार्टच हवा, आणि युनिट फाइल हाताने बदलली असेल तर आधी सिस्टमसीटीएल डिमन-रीलोड, म्हणजे सिस्टमडी फाइल परत वाचतो. आर्काइव्ह कमांडमध्ये (बदलांच्या वॉल फाइली साठवायला सर्व्हर चालवतो ती कमांड) वॉल-जी हे बॅकअपचं टूल चालवत असाल तर त्यालाही सर्व्हरचंच एन्व्हायर्नमेंट मिळतं, तुमच्या शेलमध्ये टेस्ट केलेली कमांड चालली याला काही अर्थ नाही.

आणि क्लाउडची सिक्रेट की युनिटच्या एन्व्हायर्नमेंट ओळीत कधीच लिहू नका, सिस्टमसीटीएल शो केलं की मशीनवरच्या कुठल्याही साध्या युजरला ती दिसते. वेगळी फाइल करा, मालक रूट, परमिशन ६००, आणि युनिटमध्ये एन्व्हायर्नमेंट-फाइल म्हणून तिचा फक्त पाथ द्या.