आफ्रिकेत लवादाचा निवाडा अमलात आणताना: देशांची यादी नव्हे, तिथला कायदा उघडा

या क्षेत्रात नव्याने आलेले वकील आंतरराष्ट्रीय कराराच्या सदस्य देशांची यादी उघडतात, त्यात देशाचं नाव दिसलं की निर्धास्त होतात. अर्ज अडकतो तो इथेच. करार देशाने स्वीकारला, पण तो तिथल्या न्यायालयापर्यंत कोणत्या वाटेने पोचला, हे आधी शोधायला हवं.

परदेशी लवादाचे निवाडे मान्य करून अमलात आणण्याच्या १९५८ च्या न्यूयॉर्क कराराचंच बघा. नायजेरिया १९७० पासून सदस्य आहे. पण तिथल्या १९९९ च्या संविधानाचं कलम १२ सांगतं, की संसदेने कायदा केल्याशिवाय अशा कराराला देशात कायद्याचं बळ नाही. म्हणून अर्ज २०२३ च्या लवाद व मध्यस्थी कायद्याखाली करा. करार त्याच्या परिशिष्टात आहे. केनियात संविधानाच्या कलम २(६) नुसार अनुसमर्थन झालेला करार थेट कायद्याचा भाग होतो, तरी अर्ज १९९५ च्या लवाद कायद्याच्या कलम ३६ खालीच जातो.

ओहाडा ही व्यापारी कायदे सामाईक करणारी आफ्रिकी देशांची संघटना. तिचे १७ देश, बहुतेक फ्रेंच भाषिक, वेगळे आहेत. तिथे सामाईक कायदे थेट लागू होतात आणि त्यांच्या अर्थाबद्दल शेवटचा शब्द आबिजानमधल्या (आयव्हरी कोस्ट) ओहाडाच्या सामाईक न्यायालयाचा. सदस्य देशात बसलेल्या लवादाच्या निवाड्यावर न्यायाधीशाने १५ दिवसांत उत्तर दिलं नाही, तर मान्यता मिळाली असं धरतात. म्हणून अर्जाच्या तारखेची पोच जपून ठेवा.

सगळ्यात महाग पडते ती निवाडा अमलात आणण्याच्या अर्जाची मुदत. नायजेरियातल्या जुन्या निकालांनुसार ती निवाड्यापासून नव्हे, मूळ व्यवहारातल्या करारभंगापासून मोजली जाई. लागोसमध्ये सहा वर्षं. त्यातली चार लवादातच गेली, तर हातात दोनच उरत. २०२३ च्या कायद्याने लवाद सुरू झाल्यापासून निवाड्यापर्यंतचा काळ वगळला, ही मोठी सुधारणा आहे. तरीही थांबू नका.

अर्जासोबत निवाडा आणि लवादाचा करार (वाद लवादाकडे नेण्याची सहमती), दोन्हींची मूळ किंवा प्रमाणित प्रत लागते. निवाडा सहसा हाताशी असतो. करार मात्र खरेदी ऑर्डरच्या मागच्या पानावर किंवा ईमेलमध्ये विखुरलेला असतो. तो सही होतानाच जपून ठेवा. त्यात उपकंपनीचं नाव असेल आणि निवाड्यात मूळ कंपनीचं, तर हरकत येणारच.

मालविक्रीच्या १९८० च्या व्हिएन्ना कराराचा भारत सदस्य नाही, इजिप्त आहे. मुंबईच्या निर्यातदाराने इजिप्तचा कायदा निवडला, तर हा करारही सोबत येतो. तो नको असेल, तर कलम ६ नुसार वगळल्याचं मसुद्यातच स्पष्ट लिहा.