‘अ बुक ऑफ नॉन्सेन्स’ची जुनी प्रत कशी पारखावी

एडवर्ड लियर (१८१२–१८८८) यांच्या ‘अ बुक ऑफ नॉन्सेन्स’ या सचित्र विनोदी पद्यसंग्रहाची जुनी प्रत विकत घेताना ती नेमकी कोणत्या आवृत्तीची आहे हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी विक्रेता सांगतो त्या सालापेक्षा शीर्षकपृष्ठ आणि छपाईची पद्धत यांवर अधिक भरवसा ठेवावा.

प्रथम शीर्षकपृष्ठ पाहावे. १८४६ साली लंडनच्या टॉमस मॅक्लीन यांनी हे पुस्तक दोन भागांत काढले, तेव्हा त्यावर लियर यांचे नाव नव्हते, ‘डेरी डाउन डेरी’ हे टोपणनाव होते. त्यामुळे पहिली आवृत्ती म्हणून दाखवलेल्या प्रतीवर लेखकाचे खरे नाव छापलेले आढळले, तर तो दावा तिथेच निकालात निघतो. खरे नाव आले ते राउटलेज, वॉर्न अँड राउटलेज यांनी काढलेल्या १८६१ च्या वाढीव आवृत्तीत. (हे पुस्तक डर्बीचे अर्ल या इंग्रज उमरावाने लिहिले आहे, लियर नावाचा कोणी माणूसच नाही, असे आगगाडीत ठामपणे सांगणाऱ्या सहप्रवाशाला लियर यांना आपल्या टोपीतले नाव दाखवावे लागले, हा किस्सा त्यांनीच पुढे लिहून ठेवला आहे.)

त्यानंतर भिंग घेऊन चित्रे तपासावीत, कारण खरी पारख इथेच होते. लियर मुळात चित्रकार होते. वयाच्या अठराव्या वर्षी हाती घेतलेल्या पोपटांवरील ग्रंथासाठी त्यांनी स्वतः शिळेवर चित्रे काढली होती, आणि १८४६ ची आवृत्तीही शिळाछापाचीच, म्हणजे अशा शिळेवरून छापलेली (लिथोग्राफी) आहे. शिळाछापात शाई कागदावर सपाट बसते, रेषेचा दाब कागदात उतरत नाही. याउलट १८६१ ची चित्रे डॅल्झील बंधूंनी लाकडी ठशांसाठी कोरली, आणि ठसा कागदावर दाबला जात असल्याने तिरप्या उजेडात पानाच्या मागील बाजूस रेषांचा पुसट उठाव जाणवू शकतो. रेषांत एकसारख्या ओळींत मांडलेले बारीक ठिपके दिसले, तर ती नंतरची छायाचित्रावरून केलेली नक्कल समजावी. मात्र ठिपके नसणे हा जुनेपणाचा पुरावा नव्हे, कारण नुसत्या रेषांची नक्कल ठिपक्यांविनाही छापता येते.

मग पाने आणि त्यांवरील लिमरिके (ठरावीक यमकांची छोटी विनोदी पद्ये) मोजावीत. १८४६ च्या दोन भागांत मिळून ७२ लिमरिके होती, तर १८६१ च्या आवृत्तीत ११२ आहेत. हे मुलांच्या हाताळणीतले पुस्तक असल्याने फाटकी, रंगवलेली आणि पाने गळालेली प्रत सापडणे स्वाभाविक आहे, आणि माझ्या मते अशा प्रतीपेक्षा गुपचूप ‘पूर्ण’ केलेली प्रत अधिक घातक असते. एखाद्या पानाचा कागद शेजारच्या पानांहून पांढरा किंवा जाड वाटत असेल, अथवा आधीच्या व नंतरच्या पानांवर उतरलेला ओलीचा डाग नेमका त्याच पानावर नसेल, तर ते पान बाहेरून आणून बसवले असण्याची शक्यता धरावी. नवी बांधणी हा दोष नाही, पण ती किमतीत धरली गेली पाहिजे.

कोऱ्या पानावरील जुन्या मालकाचे नाव खोडू नये, फाटलेल्या कडांना चिकटपट्टी लावू नये, आणि पुस्तक ऊन व ओल यांपासून दूर ठेवावे. पैसे देण्यापूर्वी आवृत्ती, पानांची संख्या आणि केलेल्या दुरुस्त्या यांचे वर्णन विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.