मासळी बंद, मग तपासणी

अंगात शिसं, पारा, आर्सेनिक असले विषारी धातू किती गेलेत ते बघायची तपासणी भावोजींनी केली. आमच्या भावोजींच्या पहिल्याच रिपोर्टात आर्सेनिक भरमसाट निघालं आणि बहिणीनं घर डोक्यावर घेतलं. मागाहून उलगडा झाला. लघवी साठवायच्या आदल्या रात्री भावोजींनी ताटभर तिसऱ्यांचं सुकं आणि वर सुंगटांची किसमूर हाणली होती. मासळीतलं आर्सेनिक बहुतांशी निरुपद्रवी जातीचं असतं, पण साधी चाचणी जात बघत नाही, सगळं एकत्रच मोजते. तेव्हा लघवीतलं आर्सेनिक बघायचं तर निदान चार दिवस मासळी पूर्ण बंद, सुकीसुद्धा. एका सोमवारानं भागत नाही. श्रावण पाळत असाल तर तारीख श्रावणातलीच घ्या, घरात कुरकुर तरी होणार नाही. आकडा तरीही जास्त आला, तर आर्सेनिकचे प्रकार वेगळे मोजून मागा.

पाऱ्याला हा उपास लागू नाही. मोरी, इसवण असल्या मोठ्या मासळीतला पारा रक्तातून उतरायला महिने जातात. तिथं काय नि किती खाता ते डॉक्टरांना खरं सांगायचं, बस्स. शिशाच्या तपासणीला तर उपाशीपोटी जायचीही गरज नाही.

भावोजींचं खरं दुखणं शिशाचंच होतं. जुन्या बॅटऱ्यांचं शिसं मागीलदारी वितळवून ते पागेराचे, म्हणजे फेकायच्या जाळ्याचे, मणी स्वतः ओतायचे, आणि जाळ्याला बसवताना दातांनी चेपायचे. डॉक्टरांनी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. म्हणून जाण्याआधी कागदावर लिहून काढा: काम कुठलं, किती वर्षं. बार्जवरचा जुना रंग खरवडणं, वेल्डिंग, बॅटरी, खाण, सगळं. पाणी नळाचं की विहिरीचं, तेही. औषधं लिहीत बसू नका, बाटल्याच घेऊन जा. नागभस्म म्हणजे शिसंच, आणि रससिंदुरात पारा असतो. एमआरआय किंवा सीटी स्कॅनला शिरेतून औषध टोचलं असेल तर लघवीच्या तपासणीआधी चार दिवस जाऊ द्या.

चोवीस तासांच्या लघवीसाठी बाटली लॅबचीच हवी. स्टीलच्या भांड्यात धरून मग ओतली की नमुना बिघडला. सकाळची पहिली लघवी टाकायची, वेळ लिहायची, तिथून दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंतची सगळी त्यात, शेवटचीही. बाटली फ्रिजमध्ये. (बहिणीनं त्यासाठी आख्खा खण रिकामा केला आणि आठवडाभर तिथं दूध ठेवलं नाही.)

रक्त द्यायला कामावरून थेट जाऊ नका. आंघोळ करा, कपडे बदला. बोट टोचून आकडा जास्त आला तर कोपराच्या शिरेतलं रक्त धातूंसाठीच्या खास नळीत पुन्हा द्या, कारण बोटावरची धूळही मोजली जाते. केसांची तपासणी कोणी सुचवली तर नको म्हणा. आधी औषध देऊन धातू लघवीत उतरवणारीही नको, तिच्याशी ताडून बघायला धड प्रमाणच नाही.

रिपोर्ट हाती आला की आधी एकक बघा. लिटरमागे लिहिलेला आकडा डेसिलिटरमागच्या दसपट असतो. भावोजींच्या रक्तातलं शिसं लिटरमागे 310, म्हणजे डेसिलिटरमागे 31 मायक्रोग्रॅम. 5 झाले की शिसं कुठून येतंय ते शोधा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि घरातल्या पोरांचंही रक्त त्याच दिवशी द्या. ओतकाम चालायचं त्या मागीलदारीच भाचा रांगायचा. त्याचे 9 निघाले.