जुन्या जीपचे ड्रम ब्रेक: आधी चिखल आणि गळती, मग लायनर

पावसाळाभर पांदण रस्त्याने आणि नाल्यांतून फिरलेल्या जुन्या जीपचा ब्रेक दिवाळीपर्यंत ढिला पडतोच. पेडल खोल जातं, गाडी एका बाजूला ओढते, चाकातून खरखर ऐकू येते. मग नवे लायनर (ब्रेकच्या शूवरचे पट्टे, जे फिरत्या ड्रमला आतून घासून चाक थांबवतात) टाकले जातात आणि महिन्या-दोन महिन्यांत तीच तक्रार परत येते. कारण काळी माती ड्रममध्ये शिरून वाळली की लायनर कानशीने घासल्यासारखा झिजतो, आणि चाकातला सिलिंडर (तेलाच्या दाबाने शू ड्रमकडे ढकलणारा भाग) गळत असेल तर नवा लायनरही तेल पिऊन निकामी होतो. म्हणून या कामात लायनर सर्वांत शेवटी येतो.

जॅक लावण्याआधी

महिंद्राच्या जुन्या सीजे (सिव्हिलियन जीप) धर्तीच्या बऱ्याच जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, प्रॉपेलर शाफ्टवर, म्हणजे मागच्या ऍक्सलकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर असतो. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगळं फिरू देणाऱ्या गिअरमुळे) ते उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं दुसरं चाक मोकळं होतं. हँडब्रेक पूर्ण ओढलेला असूनही गाडी जॅकवरून घसरते. त्यामुळे सपाट, टणक जागा निवडा. वावरातली भुसभुशीत माती चालणार नाही. जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी मोठे दगड लावा आणि ऍक्सलखाली घोडी (लोखंडी आधार) ठेवल्याशिवाय गाडीखाली हात घालू नका.

लागणारं सामान

दोन्ही चाकांचे लायनर किंवा शू, व्हील सिलिंडरच्या रबरी वॉशरच्या किट, डॉट ३ ब्रेक ऑइलची १ लिटरची सीलबंद बाटली, पारदर्शक प्लास्टिकची नळी, स्पिरिट, तारेचा ब्रश, पुलर आणि रिंग पाने. काम एका ऍक्सलच्या दोन्ही चाकांचं करा, पण एका वेळी एकच बाजू उघडा. स्प्रिंग कुठल्या छिद्रात होती हे विसरलं, तर दुसरी बाजू बघता येते. उघडण्याआधी मोबाइलवर फोटोही काढा. काही ब्रेकमध्ये पुढच्या आणि मागच्या शूच्या लायनरची लांबी वेगळी असते. त्यांची अदलाबदल झाली तर ब्रेक कमी लागतो.

ड्रम उघडणे

ड्रम निघत नसेल तर हातोडा उचलण्याआधी ऍडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा भाग) मागे घ्या. झिजलेल्या ड्रमच्या काठाला कड तयार होते आणि शू तिच्यात अडकतात. आत साठलेली धूळ हवेने उडवू नका, फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ऍस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुप्फुसात बसतो. पाणी मारून धूळ ओली करा, फडक्याने पुसा आणि ते फडकं पुन्हा वापरू नका.

ड्रम काढलेला असताना पेडल कोणी दाबता कामा नये. सिलिंडरचे पिस्टन बाहेर उडतात. सायकलच्या ट्यूबचा पट्टा सिलिंडरवर आवळून ठेवा.

गळती कुठली आहे ते ओळखा

व्हील सिलिंडरचं रबरी बूट उचलून बघा. आत ओल असेल तर गळती ब्रेक ऑइलची आहे. मागच्या चाकात दाट, काळपट, उग्र वासाचं तेल दिसलं तर ते गिअर ऑइल समजा, म्हणजे ऍक्सलचा ऑइल सील गेला आहे. नवा सील टाकण्याआधी ऍक्सलवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी छोटी तोटी) बघा. तो मातीने बुजला की तेल तापून आत दाब वाढतो आणि तेल सीलमधून बाहेर येतं. ब्रीदर साफ न करता टाकलेला सील फार काळ टिकत नाही.

तेल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन, जाळून, पॉलिश पेपर मारून पुन्हा वापरण्याची पद्धत सोडून द्या. गरम झाला की आतलं तेल परत वर येतं.

सिलिंडर, ड्रम आणि लायनर

सिलिंडर खोलून फक्त स्पिरिटने किंवा ब्रेक ऑइलने धुवा. पेट्रोल, डिझेल, ग्रीस लागलं की रबर फुगतं. आत बोटाला खड्डे जाणवले तर किट टाकून उपयोग नाही, सिलिंडर नवाच घ्या. नव्या वॉशरची पातळ ओठासारखी बाजू आत, तेलाकडे हवी. उलटी बसली तर पहिल्याच दाबाला गळेल.

रिव्हेटचा लायनर रिव्हेटच्या डोक्यावर ०.८ मिमीपेक्षा कमी उरला असेल तर बदला, नाहीतर रिव्हेट ड्रम कापतात. तालुक्याच्या गावी लायनर मारून घेताना रिव्हेट मधून सुरू करून टोकांकडे गेलेले बघा. टोकाकडून सुरुवात केली तर लायनर मध्ये फुगतो आणि शूला चिकटून बसत नाही. ड्रम लेथवर घासून घ्यायचा असेल तर त्यावर कोरलेला कमाल व्यास ओलांडू नका. पातळ ड्रम लवकर तापतो आणि तडकतो.

हवा काढणे आणि ऍडजस्टमेंट

आधी शू ऍडजस्ट करा: चाक अडेपर्यंत आवळा, मग मोकळं फिरून जेमतेम घासल्याचा आवाज येईल इतकं सोडा. ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा मास्टर सिलिंडरपासून (पेडलला जोडलेल्या मुख्य सिलिंडरपासून) सर्वांत लांबच्या चाकापासून काढा. उजव्या स्टिअरिंगच्या जीपमध्ये क्रम मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पारदर्शक नळी चाकाच्या निप्पलला (हवा सोडण्याच्या स्क्रूला) लावा आणि तिचं दुसरं टोक ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निप्पल उघडून बंद करायचा, मगच पेडल सोडायचं. मास्टर सिलिंडरची ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होऊ देऊ नका. जुनं काळं ऑइल पूर्ण काढून टाका: हे ऑइल हवेतली ओल शोषतं. ताजं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरलेलं मात्र १४० अंशांच्या आसपासही उकळू शकतं. मे महिन्याच्या उन्हात चिखलदऱ्याचा घाट उतरताना पेडल अचानक खाली जाण्याचं एक कारण हेच.

पेडल स्पंजासारखं लागलं तर हवा उरली आहे. दुसऱ्या दाबाला वर आलं तर शू ड्रमपासून लांब आहेत. दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे वॉशर गेले आहेत. ही गाडी रस्त्यावर काढू नका. बऱ्याच जुन्या जीपना चारही चाकांसाठी ब्रेक ऑइलचं एकच सर्किट असतं. एक जागा गळली की चारही चाकांचा ब्रेक जातो.

पेडलला वर साधारण १० ते १२ मिमी मोकळी चाल ठेवा. ती नसेल तर मास्टर सिलिंडरमधलं परतीचं छिद्र बंद राहतं, तापलेलं ऑइल टाकीत परत जात नाही आणि थोड्या अंतरावर चारही चाकं जाम होतात. एकच चाक तापत असेल तर त्याचा रबरी होज आतून फुगला आहे का ते तपासा.

मोकळ्या रस्त्यावर ३० ते ४० किमी वेगाने १५–२० वेळा हलका ब्रेक लावा, मधे थंड होऊ द्या. ५०० किमीनंतर पुन्हा ऍडजस्ट करा. नाला ओलांडल्यावर काही अंतर हलक्या पायाने ब्रेक दाबत चालवून लायनर वाळवा, आणि चिखलात रुतलेली गाडी घरी आल्यावर त्याच दिवशी चाकांच्या आतून पाण्याने धुवा. माती वाळल्यावर ती निघत नाही.