माहितीपट पाहून आलेला उत्साह घरात टिकवायचा कसा?

‘नो इम्पॅक्ट मॅन’ हा लॉरा गॅबर्ट आणि जस्टिन शाइन यांचा २००९ सालचा माहितीपट. न्यूयॉर्कच्या फ्लॅटमध्ये राहणारे कॉलिन बीव्हन, त्यांची पत्नी मिशेल कॉन्लिन आणि लहानगी इझाबेला वर्षभर पर्यावरणावर कमीत कमी भार टाकून राहतात. लिफ्ट नाही, नवी खरेदी नाही, साधारण ४०० किलोमीटरच्या आत पिकलेलंच अन्न, आणि निम्म्या वर्षानंतर घरातली वीजही बंद. असं काही पाहिलं की हुरूप येतो आणि आठवड्याभरात ओसरतो, कारण आपण सगळं एकदम करायला जातो. त्या कुटुंबाने तसं केलेलं नाही. सुरुवात कचऱ्यापासून झाली, बाकीचं टप्प्याटप्प्याने आलं.

म्हणून घरातल्या सगळ्यांनी तो एकत्र बघावा आणि जिथे त्यांचं काही फसतं तिथे थांबून बोलावं. शिकण्यासारखं तिथेच जास्त आहे. त्यांच्या गांडूळखताच्या पेटीत माश्या होतात, घरात कुरबुर सुरू होते. आपल्याकडेही ओल्या कचऱ्याचा प्रयोग बहुधा इथेच बंद पडतो, आणि हे सहज टाळता येतं.

आधी सात दिवस ओला कचरा रोज वजनकाट्यावर तोलून कॅलेंडरवर लिहा. नेमका आकडा समोर असला की पुढचा फरक दिसतो. मग रंगाच्या २० लिटरच्या दोन रिकाम्या, स्वच्छ धुतलेल्या बादल्या घ्या. तळाला आणि बाजूंना पेन्सिल जाईल एवढी दहा-बारा भोकं पाडा, बादली दोन विटांवर ठेवा, खाली ताटली. तळात चार बोटं सुका पाला किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). रोजचा कचरा बारीक चिरून टाका आणि त्यावर तेवढाच सुका पाला पसरा. सालं वर उघडी दिसता कामा नयेत. चिलटं त्यांवरच अंडी घालतात. सुरुवातीला वाटीभर आंबट ताक शिंपडा. दर तीन-चार दिवसांनी खालवर करा. मूठभर घेऊन दाबून बघा: हात ओलसर व्हावा, पण पाणी गळू नये. गळलं तर हवा कोंडते आणि वास सुटतो. सुका पाला वाढवा आणि ढवळा. मुंग्या आल्या तर ते फार कोरडं पडलंय, पाणी शिंपडा. पहिली बादली भरली की दीड-दोन महिने बाजूला ठेवा आणि दुसरी सुरू करा. उरलेली भाजी-आमटी, तेलकट पदार्थ आणि मासे-मटण पहिले तीन महिने तरी नकोच.

वीज बंद केल्यावर ते कुटुंब मडक्यात मडकं ठेवून, मधल्या ओल्या वाळूच्या भरवशावर फ्रिजचं काम भागवू पाहतं. तेही नीट जमत नाही. माठातलं पाणी गार होतं तेच हे तत्त्व: पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते. त्यासाठी हवा कोरडी लागते. नागपूर-अकोल्याच्या एप्रिलमध्ये कोथिंबीर, पालेभाज्या यात चांगल्या टिकतात. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात काहीच उपयोग नाही. दूध मात्र कुठेच ठेवू नका, फ्रिजइतकी थंडी यात मिळत नाही. दुसऱ्याच्या घरातला उपाय उचलण्याआधी आपल्या हवेला तो मानवतो का, हे बघणं फार महत्त्वाचं.

मिशेल सुरुवातीला नाखूश असते, कॉफी सोडायला तर फारच. तिच्यासारखं कोणीतरी प्रत्येक घरात असतं. पुढची गोष्ट कुठली सोडायची आणि कुठली नाही, हे त्या माणसालाच ठरवू द्या. चहा त्याला हवाच असेल तर चहा राहू दे. त्याच्या सोयीने प्लास्टिकच्या पिशव्या आधी जाऊ देत. पहिली बादली बाजूला लागेपर्यंत तिसरा बदल हातात घेऊ नका.