बॅकअपची बूट डिस्क वाचताना एरर आल्यास काय करावे

हार्ड डिस्कची संपूर्ण प्रत काढून ठेवण्यासाठी क्लोनझिलासारखे सॉफ्टवेअर वापरायचे, तर संगणक सीडी, डीव्हीडी किंवा पेन ड्राइव्हवरून सुरू करावा लागतो. अनेकदा मेन्यू व्यवस्थित दिसतो, आपण पर्याय निवडतो आणि मग काळ्या पडद्यावर एररच्या ओळी धावू लागून सगळे जागीच थांबते. अशा वेळी लगेच रिसेटचे बटण न दाबता मोबाइलवर पडद्याचा फोटो काढावा, कारण दोष कुठे आहे हे बहुधा त्या ओळींतच लिहिलेले असते.

पहिली पायरी : एररमध्ये कोणाचे नाव आहे ते पाहावे

क्लोनझिला लिनक्सवर चालते आणि लिनक्स प्रत्येक उपकरणाला ठरावीक नाव देते. ‘आय/ओ एरर’ या शब्दांपुढे ‘एसआर०’ असेल, तर तक्रार सीडी-डीव्हीडी ड्राइव्हची किंवा तिच्यातल्या डिस्कची आहे. तिथे ‘एसडीए’ किंवा ‘एनव्हीएमई’ने सुरू होणारे नाव असेल, तर ज्या हार्ड डिस्कचा किंवा एसएसडीचा बॅकअप घ्यायचा आहे तीच वाचता येत नसण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी पुढच्या पायऱ्या सोडून थेट शेवटच्या भागाकडे वळावे. मात्र पेन ड्राइव्हलाही ‘एसडीबी’सारखे, क्वचित ‘एसडीए’ हेच नाव मिळू शकते, म्हणून पेन ड्राइव्हवरून बूट केले असल्यास आधी तो बदलून खात्री करावी.

मेन्यू दिसला म्हणजे डिस्क चांगली, असे मात्र समजू नये. मेन्यूच्या फाइली अगदी लहान असतात. बाकीची जवळजवळ सगळी प्रणाली ‘स्क्वॉशएफएस’ नावाच्या प्रकारात दाबून बसवलेल्या एकाच मोठ्या फाइलमध्ये असते आणि डिस्कचा खराब भाग बहुतेकदा तिथेच आडवा येतो. पडद्यावर ‘स्क्वॉशएफएस एरर’ आहे पण ‘एसआर०’ची तक्रार कुठेच नाही, असे असेल तर डिस्क वाचली जाते आहे, पण वाचलेला मजकूर बिघडलेला आहे. मग संशय डाउनलोड केलेल्या फाइलवर किंवा रॅमवर घ्यावा. रॅम तपासायला मेमटेस्ट८६+ एक पूर्ण फेरी चालू द्यावे.

दुसरी पायरी : आयएसओ फाइल आणि बर्निंग तपासावे

आयएसओ म्हणजे संपूर्ण डिस्कची एकाच फाइलमधली प्रत. तिच्या डाउनलोडच्या पानावर एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी आली का हे पडताळण्याची अक्षरे-अंकांची खूण, दिलेला असतो. विंडोजमध्ये सर्टयुटिल या आज्ञेने आपल्या फाइलचा चेकसम काढून ६४ अक्षरे जुळतात का ते पाहावे. एक अक्षर जरी वेगळे असले, तरी ती फाइल काढून टाकून नव्याने डाउनलोड करावी.

नंतर डिस्क विंडोजमध्ये उघडावी. आत आयएसओ प्रकारची एकच फाइल दिसली, तर डिस्क बर्न करण्याऐवजी फाइल नुसतीच कॉपी झाली आहे आणि तिच्यावरून बूट होणारच नाही. विंडोजमध्ये आयएसओ फाइलवर उजवे क्लिक करून ‘बर्न डिस्क इमेज’ निवडावे आणि बर्निंगनंतर पडताळणी करण्याच्या चौकटीत खूण करावी. वेळ वाचवण्यासाठी लोक नेमकी हीच खूण काढतात. बर्निंगचा वेग डिस्कवर छापलेल्या कमाल वेगाच्या निम्म्यावर ठेवावा. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू शक्यतो टाळावी. ती साध्या सीडी-आरच्या तुलनेत फारच कमी प्रकाश परावर्तित करते आणि जुन्या ड्राइव्हना ती वाचणे जड जाते.

तिसरी पायरी : डिस्क की ड्राइव्ह?

मऊ, कोरड्या कापडाने डिस्क मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोल फिरवून पुसू नये. गोलाकार ओरखडा माहितीच्या मार्गाबरोबरच धावतो, त्यामुळे सलग बरीच माहिती जाते आणि ड्राइव्हची चूक दुरुस्त करण्याची सोय तोकडी पडते. सीडीची वरची, नाव लिहिण्याची बाजू अधिक नाजूक असते, कारण चकाकणारा थर तिथे नुसत्या लॅकरखाली असतो. डीव्हीडीत तो प्लॅस्टिकच्या दोन थरांमध्ये सुरक्षित असतो.

आता तीच डिस्क दुसऱ्या संगणकावर चालवून पाहावी. तिथे ती चालली, तर ड्राइव्हची लेन्स, तिला संगणकाशी जोडणारी साटा केबल किंवा बाहेरून जोडलेली ड्राइव्ह असल्यास यूएसबी पोर्ट यांपैकी काहीतरी सदोष आहे. अर्थात, संगणक पेन ड्राइव्हवरून सुरू होत असेल, तर जुन्या ड्राइव्हच्या नादी लागण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. यूईएफआय (संगणक सुरू करणारी नव्या पद्धतीची अंतर्गत प्रणाली) असलेल्या संगणकासाठी क्लोनझिलाची झिप फाइल फॅट३२ प्रकारात फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर उलगडली की काम भागते. डिस्कच वापरायची असेल, तर मेन्यूतला ‘टू रॅम’ पर्याय निवडावा. सगळी प्रणाली सुरुवातीलाच रॅममध्ये येते, त्यामुळे डिस्क खराब असेल तर ते तेव्हाच कळते, बॅकअप अर्ध्यावर असताना नाही.

हार्ड डिस्कच वाचता येत नसेल तर

इथे घाई महागात पडते. विंडोजची चेक डिस्क आज्ञा आधी चालवू नये. दुरुस्तीच्या पर्यायासह ती डिस्कवर बदल लिहिते आणि मरणपंथाला लागलेल्या डिस्कला आणखी राबवते. क्लोनझिला खराब सेक्टर (डिस्कवरचा माहिती साठवणारा छोटा तुकडा) लागताच सहसा थांबते. तज्ज्ञ मोडमधला ‘रेस्क्यू’ पर्याय निवडल्यास ते तसे सेक्टर ओलांडून पुढे जाते. सेक्टर बरेच खराब असतील, तर जीएनयू डीडीरेस्क्यू अधिक योग्य ठरते. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अवघड भाग नंतरसाठी ठेवते आणि झालेल्या कामाची नोंद मॅप फाइलमध्ये ठेवते, त्यामुळे मध्येच थांबले तरी तिथूनच पुढे सुरू करता येते. प्रत तेवढ्याच किंवा मोठ्या दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, आणि दुरुस्तीचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करावेत. मूळ डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर वीज बंद करून ती डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडे न्यावी.